मिळकत, मृत्युपत्र आणि वार्धक्यातील शुश्रूषा

शास्त्रपाठ : २ राजे २०:१-६, मार्क ७:९-१३, योहान १९:२५-२७, १ तीमथ्य ५:३-१६



मृत्यूविषयी आपण उपासनेत मोकळेपणाने बोलतो. परंतु मृत्यूपूर्वीच्या वार्धक्याविषयी, त्या काळात लागणाऱ्या पैशाविषयी आणि मागे राहणाऱ्या घरादाराविषयी घरात बोलणे निघाले की आपण विषय बदलतो. वडिलांना वाटते, मुलांनी विचारू नये. मुलांना वाटते, आपण विचारले तर लोभी ठरू. अशा संकोचात वर्षे निघून जातात, आणि मग एके दिवशी निर्णय रुग्णालयाच्या खाटेशेजारी घ्यावे लागतात. यशया संदेष्ट्याने हिज्कीया राजाला त्याच्या आजारात प्रथम घराची व्यवस्था लावण्यास सांगितले, हे आपण जाणतो. ही व्यवस्था म्हणजे अविश्वास नव्हे. ज्यांचा भार आपल्यावर आहे त्यांच्यावरील प्रीतीचेच ते एक काम आहे.

हा पाठ विशेषेकरून बेंगळूरुच्या उत्तरेकडील येलहंका परिसरातील मराठी ख्रिस्ती कुटुंबे डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. येथील वायुसेनेचा तळ, १९८४ मध्ये सुरू झालेला रेल्वेचा चाके व आंस बनविणारा कारखाना आणि केंद्र सरकारच्या नोकऱ्या यांनी परप्रांतांतून अनेक कुटुंबांना येथे आणले. निवृत्तीनंतर काही येथेच स्थायिक झाली. २००८ मध्ये देवनहळ्ळी येथे विमानतळ सुरू झाल्यावर या भागातील जागांचे मोल वाढत गेले. त्यामुळे पुष्कळ वृद्ध दांपत्यांची स्थिती अशी आहे की, घर मोलाचे, पण हाती येणारा मासिक पैसा बेताचा. आणि मुले पुण्यात, मुंबईत किंवा परदेशात. अशा घराने दोन प्रश्नांची उत्तरे वेळेवर शोधली पाहिजेत. शेवटच्या वर्षांतील शुश्रूषेचा खर्च कोठून येईल? आणि उरलेली मिळकत कोणाकडे, कोणत्या मार्गाने जाईल?

१. मृत्युपत्र नसल्यास काय होते?

पुष्कळ ख्रिस्ती लोक हिंदू कायद्यातील ऐकीव गोष्टींवर विसंबतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क असतो, ही कल्पना ख्रिस्ती लोकांना लागू नाही. आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा अधिनियम लागू होतो. त्यातील मुख्य नियम थोडक्यात असे आहेत.

पती मृत्युपत्र न करता वारला आणि पत्नी व मुले मागे राहिली, तर पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन तृतीयांश मिळते. मुलगा व मुलगी यांचा वाटा समान असतो, विवाहित मुलीचाही. एखादे मूल आधीच वारले असेल, तर त्याचा वाटा त्याच्या मुलांना मिळतो. परंतु त्याच्या विधवेला, म्हणजे आपल्या सुनेला, स्वतंत्र वाटा नाही. मुले-नातवंडे नसतील पण इतर रक्ताचे नातलग असतील, तर पत्नीला अर्धा हिस्सा मिळतो. पत्नी आधी वारली तर पतीलाही हेच नियम लागू होतात.

आता हा हिशेब एका घराला लावून पाहा. समजा, येलहंका न्यू टाऊनमध्ये पतीच्या एकट्याच्या नावावर ९० लाख रुपयांचे घर आहे. पत्नी व तीन मुले आहेत. मृत्युपत्र नाही. पतीच्या मृत्यूनंतर पत्नीचा हिस्सा ३० लाखांचा, व प्रत्येक मुलाचा २० लाखांचा. म्हणजे ज्या घरात तिने चाळीस वर्षे चूल पेटविली, त्या घराच्या दोन तृतीयांश भागाची ती मालक नाही. तिघांपैकी एकाला पैशाची निकड लागली, किंवा त्याच्यावर कर्जाचा बोजा झाला, तर तो वाटणी मागू शकतो. आणि घराची वाटणी बहुधा घर विकूनच होते. मुले दुष्ट असली पाहिजेत असे नाही. अडचणीत सापडलेला भला मुलगाही हे करू शकतो.

आणखी एक नियम फार थोड्यांना ठाऊक असतो. मृत व्यक्तीला मुले असतील, तर तिच्या वृद्ध आईवडिलांना या कायद्याने वारसाहक्काने काहीच मिळत नाही. आपली आई आपल्यावर अवलंबून असेल आणि आपण आधी गेलो, तर तिची तरतूद केवळ मृत्युपत्रानेच होऊ शकते. वधस्तंभावर असताना प्रभूने आपल्या आईला शिष्याच्या स्वाधीन केले. तिचे पुढे काय होईल हे त्याने गृहीत धरले नाही, स्पष्ट शब्दांत ठरवून दिले.

मुलींच्या वाट्याविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेपुढे उभे राहून बापाच्या वतनात वाटा मागितला आणि त्यांची मागणी योग्य ठरली (गणना २७). तरीही आपल्या देशात केरळमधील ख्रिस्ती मुलींना जुन्या त्रावणकोर कायद्यामुळे नगण्य वाटा मिळत असे. मेरी रॉय यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये निर्णय देऊन तेथेही १९२५ चा अधिनियम लागू केला. तेव्हा मुलीकडून कोऱ्या हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत ख्रिस्ती घराला शोभत नाही.

मूळ गोव्याच्या कुटुंबांनी मात्र वेगळा सल्ला घ्यावा. गोव्यात पोर्तुगीज परंपरेतून आलेला कायदा आहे. तेथे मुले असलेल्या व्यक्तीला मृत्युपत्राने सर्वसाधारणपणे निम्म्याच मिळकतीची स्वेच्छेने विल्हेवाट लावता येते. कायद्याच्या दृष्टीने ज्यांचे कायम वास्तव्यस्थान गोवा आहे, त्यांच्या गोव्याबाहेरील मिळकतीसही तेथील कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरविले आहे.

२. मृत्युपत्र कसे करावे?

मृत्युपत्र करण्यास मोठा खर्च लागत नाही. ते साध्या कागदावर, मराठीतही लिहिता येते. त्यास मुद्रांक लागत नाही. सज्ञान व शुद्धीवर असलेल्या व्यक्तीने सही किंवा अंगठा करावा, आणि ती सही करताना पाहणाऱ्या किमान दोन साक्षीदारांनी तिच्यासमोर सह्या कराव्यात. नोंदणी सक्तीची नाही. तथापि उपनिबंधकाच्या कार्यालयात नोंदणी केल्यास पुढे शंका घेणे कठीण जाते. मृत्युपत्र मराठीत असेल, तर येथील कार्यालयांच्या सोयीसाठी त्याचे कानडी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून ठेवणे शहाणपणाचे आहे. वय फार झाले असल्यास त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र घ्यावे.

ख्रिस्ती व्यक्तीने तीन गोष्टी विशेष जपाव्यात, कारण हिंदू शेजाऱ्याचा अनुभव येथे उपयोगी पडत नाही.

पहिली : ज्याला मिळकत द्यावयाची आहे, तो अथवा त्याची पत्नी किंवा पती साक्षीदार नसावा. सुनेने साक्षीदार म्हणून सही केली, तर मृत्युपत्र टिकते. परंतु मुलाला दिलेले दान निष्फळ होते.

दुसरी : मृत्युपत्र केल्यानंतर विवाह झाला, तर ते मृत्युपत्र कायद्यानेच रद्द होते. उतारवयात पुनर्विवाह करणाऱ्या विधुराने किंवा विधवेने विवाहानंतर नवे मृत्युपत्र केले नाही, तर जुना कागद कुचकामी ठरतो.

तिसरी : आपल्या समाजात प्रोबेटविषयी जुनी भीती आहे. ख्रिस्ती लोकांवरील प्रोबेटची सक्ती २००२ च्या दुरुस्तीने काढली गेली. वाद असल्यास मात्र न्यायालयात जाण्याची वेळ येऊ शकते. म्हणून भाषा स्पष्ट ठेवावी आणि विश्वासू, वयाने आपल्यापेक्षा लहान असा व्यवस्थापक नेमावा.

नामनिर्देशन म्हणजे मृत्युपत्र, हाही एक सार्वत्रिक गैरसमज आहे. बँकेत किंवा विम्यात ज्याचे नाव नॉमिनी म्हणून असते, त्याला रक्कम हाती मिळते. पण तो तेवढ्याने मालक होत नाही. विम्याविषयी हे १९८३ मध्ये ठरले. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मिळकतीवरून निघालेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सविषयीही तेच सांगितले. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवींसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. म्हणून नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांत एकच इच्छा दिसेल असे पाहावे.

३. शुश्रूषेचा खर्च : प्रथम हिशेब

आपण रुग्णालयाच्या खर्चाची काळजी करतो. परंतु वार्धक्याचा मोठा खर्च पुष्कळदा रुग्णालयाबाहेर होतो. पक्षाघातानंतरची वर्षे, स्मृतिभ्रंश, मोडलेले खुब्याचे हाड, रात्रंदिवस सोबत राहणारी बाई, लंगोट, फिजिओथेरपी. आपल्याकडील आरोग्यविमा मुख्यत्वे रुग्णालयात दाखल झाल्याचा खर्च देतो. सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली आयुष्मान योजनाही रुग्णालयातील उपचारांसाठीच आहे. जर्मनीने १९९५ पासून व जपानने २००० पासून दीर्घकालीन शुश्रूषेसाठी स्वतंत्र सार्वजनिक विमा चालविला आहे; आपल्या देशात तशी व्यवस्था नाही. येथे हा भार पेन्शन, साठवण, घर आणि लेकी-सुनांचे हात यांवर पडतो.

एक अंदाज करून पाहावा. समजा, शुश्रूषेला महिना ३० हजार रुपये लागतात. वर्षाचे ३ लाख ६० हजार, पाच वर्षांचे १८ लाख. महागाई वर्षाला ७ टक्के धरली, तर दहा वर्षांनी हाच खर्च जवळजवळ दुप्पट होतो. आपापल्या भागातील दर विचारून हे गणित प्रत्येक दांपत्याने कागदावर मांडावे, आणि ते दोघांपैकी मागे राहणाऱ्या एकट्या व्यक्तीसाठी मांडावे. कारण जुन्या पद्धतीच्या केंद्रीय पेन्शनमध्ये निवृत्तिवेतन साधारणतः शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के असते, तर पतीच्या मृत्यूनंतर पत्नीस मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन सामान्य दराने ३० टक्के असते. उत्पन्न घटते, पण घराचा खर्च तितका घटत नाही. ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तिवेतनात २० टक्क्यांची वाढ मिळते व पुढे ती वयाबरोबर वाढते. जन्मतारखेच्या नोंदीत चूक असल्यास ती आजच दुरुस्त करून घ्यावी.

खर्चाचा क्रम असा ठेवता येईल. प्रथम पेन्शन व व्याज. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून ३० लाख रुपयांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीस मिळते. त्यानंतर केवळ शुश्रूषेसाठी राखलेली वेगळी मुदत ठेव. ती नातवाच्या शिक्षणासाठी किंवा लग्नासाठी मोडू नये. आणि शेवटी घर. घराचा एक भाग भाड्याने देता येतो. मोठे घर विकून लहान घेता येते. किंवा ६० वर्षांवरील मालकाला बँकेकडून उलट तारण कर्ज घेता येते, ज्याला रिव्हर्स मॉर्गेज म्हणतात. २००७-०८ च्या अंदाजपत्रकात जाहीर झालेल्या या योजनेत बँक घराच्या तारणावर आपल्याला ठरावीक काळ पैसे देते, पतिपत्नी हयात असेपर्यंत त्याच घरात राहतात, आणि नंतर वारस कर्ज फेडून घर सोडवू शकतात अथवा बँक ते विकून उरलेली रक्कम वारसांना देते. मात्र घराची कागदपत्रे निर्दोष हवीत. बेंगळूरुमध्ये २०२४ पासून दस्त नोंदणीसाठी ई-खाता आवश्यक झाला आहे. तेव्हा खाता, कराच्या पावत्या व मूळ खरेदीखत यांतील नावे जुळतात की नाही, हे अंगात बळ असतानाच तपासावे.

वृद्धाश्रमात जावयाचे ठरविल्यास अनामत रकमेपूर्वी चार प्रश्न विचारावेत. अंथरुणाला खिळल्यावर येथेच ठेवाल काय? स्मृतिभ्रंश झाल्यास? दरवर्षी शुल्क किती वाढते? मृत्यूनंतर अनामत कोणाला व किती दिवसांत परत मिळते? उत्तरे लेखी घ्यावीत. घरीच शुश्रूषा करणाऱ्यांसाठी हेब्बाळ येथील बेंगळूरु बॅप्टिस्ट हॉस्पिटलसारख्या संस्था घरी येऊन उपशामक सेवा देतात. ‘करुणाश्रय’ या संस्थेत असाध्य कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा होते.

४. हयातीत घर नावावर करून द्यावे काय?

‘आता तुझेच आहे, नावावर करून घे’ असे म्हणून बक्षीसपत्र करून देणारे आईवडील पुष्कळ आहेत. मृत्युपत्र मरेपर्यंत बदलता येते. नोंदलेले बक्षीसपत्र सहसा मागे घेता येत नाही. दृष्टांतातील धाकट्या पुत्राने बापाच्या हयातीतच वाटा मागितला व बापाने तो दिला. पण बाप स्वतः बेघर झाला नाही, हेही वाचावे.

२००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह अधिनियमाने येथे एक संरक्षण दिले आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि नंतर सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते (कलम २३). परंतु ही अट असली पाहिजे. अट सिद्ध झाल्याविना हे कलम लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२५ मधील दुसऱ्या एका निर्णयात, सांभाळाचे वचन त्याच दिवशीच्या वेगळ्या कागदावर असतानाही, न्यायालयाने उदार दृष्टीने आईला मिळकत परत मिळवून दिली. बोध एकच : बक्षीसपत्र करावयाचेच असेल, तर त्यात दोघांचा तहहयात राहण्याचा हक्क आणि अन्न, औषध व शुश्रूषा यांची अट स्पष्ट लिहावी. याच कायद्याखाली, स्वतःचा निर्वाह करू न शकणारे आईवडील मुलांकडून मासिक निर्वाहखर्चही मागू शकतात. कायद्यात त्याची मर्यादा महिना १० हजार रुपये आहे. प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिताना स्वकीयांची तरतूद न करणाऱ्याविषयी किती कठोर भाषा वापरली, ते आपण जाणतोच. मदतीसाठी बेंगळूरुमध्ये १०९० ही ज्येष्ठांसाठीची दूरध्वनीसेवा २००२ मध्ये सुरू झाली. देशभरासाठी १४५६७ हा क्रमांक आहे.

५. शुद्ध हरपण्यापूर्वी

मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होते. मधल्या काळात, म्हणजे माणूस जिवंत आहे पण निर्णय घेऊ शकत नाही अशा वेळी, त्याचा उपयोग नाही. कुलमुखत्यारपत्राचाही नाही, कारण देणाऱ्याची बुद्धी कायमची भ्रंश पावली, की सामान्य मुखत्यारपत्राचा अधिकार संपतो. मग बँकेतील स्वतःचेच पैसे औषधासाठी काढता येत नाहीत आणि पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. यासाठी शुश्रूषेची ठेव दोघांच्या नावावर, ‘दोघांपैकी कोणीही’ अशा पद्धतीने ठेवावी. आणि मिळकत मोठी असल्यास वकिलाच्या सल्ल्याने न्यासाचा विचार करावा. अखेरच्या उपचारांविषयी आपली इच्छा लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला व २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर हा लेख करता येतो.

६. शुश्रूषा करणारी लेक आणि मंडळीसाठी दान

शेवटी दोन नाजूक गोष्टी. बहुतेक घरांत एक मूल जवळ राहते आणि इतर दूर असतात. जवळची लेक किंवा सून नोकरी सोडते, रात्री जागते, अंथरूण बदलते. वारसा कायद्याला हे दिसत नाही. लेकीला तो दूरच्या भावाइतकेच देतो आणि सुनेला काहीच नाही. आईवडिलांनी हयातीतच तिला दरमहा काही द्यावे, किंवा मृत्युपत्रात तिचा वाटा वाढवून कारण दोन ओळींत लिहावे, आणि हे इतर मुलांना आधी सांगावे. मृत्यूनंतर कळलेली गोष्ट भावंडांना जखम करते. हयातीत सांगितलेली बहुधा पचते.

दुसरी, मंडळीला अथवा धर्मादाय संस्थेला दान. पूर्वी भारतीय ख्रिस्ती व्यक्तीला जवळचे नातलग असतील, तर असे मृत्युपत्र मृत्यूपूर्वी किमान बारा महिने करून निबंधकाकडे ठेवावे लागे. हे बंधन भेदभावाचे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जॉन वल्लामट्टम यांच्या याचिकेवर रद्द केले. आता आपण मोकळे आहोत. परंतु मोकळीक मिळाली म्हणून क्रम बदलत नाही. ‘कुर्बान’ म्हणून देवाला अर्पण केल्याच्या सबबीखाली आईबापांना उपाशी ठेवणाऱ्यांना प्रभूने फटकारले. विधवेची शुश्रूषा आधी, मंडळीचे दान नंतर. आणि मंडळीच्या सेवकांनी आजाऱ्याच्या खाटेपाशी दानाचा विषय काढू नये. दबावाने करविलेले मृत्युपत्र कायद्यातही टिकत नाही.

म्हणून, बंधुभगिनींनो, या महिन्यात एका संध्याकाळी पतिपत्नींनी एकत्र बसून एका वहीत घर, ठेवी, विमा, कर्ज व नामनिर्देशने यांची यादी करावी. पुढील महिन्यात मृत्युपत्र करावे. आणि ते कोठे ठेवले आहे हे एका विश्वासू व्यक्तीला सांगावे. पुढील सुटीत मुले येतील, तेव्हा त्यांच्याशी हे सर्व बोलावे. प्रथम मागे राहणाऱ्याची शुश्रूषा, मग ऋणफेड, मग वारस, मग दान, हा क्रम ठेवला तर घर आणि घरातील प्रीती दोन्ही शाबूत राहतील.

चिंतन व चर्चेसाठी प्रश्न

१. आज माझा मृत्यू झाला, तर कायद्याने माझ्या घराचे वाटे कसे पडतील? ते मला मान्य आहेत काय?

२. आम्हा दोघांपैकी एकटे राहणाऱ्याचे मासिक उत्पन्न किती असेल? शुश्रूषेचा खर्च त्यातून निघेल काय?

३. माझ्या वृद्ध आईची किंवा विधवा सुनेची तरतूद मी कोठे लिहून ठेवली आहे?

४. आपल्या मंडळीत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी आहे काय? त्यांच्याकडे दर आठवड्यास कोण जाते?